भवानीचं गिऱ्हाईक

सुंद्रामावशी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, हातांकडे बघायची. हात सोड्यांवर, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीवर, दोनदा फिरला की समजायचं, बाई घेणार. बोंबलाचं टोक मोडून बघितलं, तर बाई जाणती, तिला जुना माल दाखवायचाच नाही. उरणकडून टोपल्या घेऊन येऊन पनवेलच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षं सुकी मासळी विकलेल्या या बाईला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, पण हात सगळे ओळखीचे होते.

माझं वेबसाईट बनवायचं ऑफिस नवीन पनवेलला, दुसऱ्या मजल्यावर. मावशी गुडघे धरत जिना चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "बाला, माजा धंदा कंपुटरमंदी टाक." गुडघ्यांनी बाजारातलं बसणं बंद केलं होतं. थोरला मुलगा विलास द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. त्याचं म्हणणं, आईने आता घरी आराम करावा. शेवटी तडजोड झाली होती : ही एक आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची सुक्या मासळीची खरेदी, वेबसाईटवर करून बघायची. जमलं नाही तर धंदा कायमचा बंद. "घरी बसून मी काय करू? भिंतींना बोंबील इकू?" असं म्हणून ती हसली, पण डोळे हसत नव्हते.

मी जीव ओतून वेबसाईट केली. उघडली की आधी लाटा, मग लाटांवरून सरकत जाणारी होडी, मग 'आमची परंपरा', मग नाव नोंदणी. भावाच्या जागी 'चौकशी करा'. मला तर ती इतकी आवडली की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. दोन आठवडे झाले, एक ऑर्डर नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी सकाळी मावशी हजर, सोबत तिच्या जुन्या गिऱ्हाईक प्रधानबाई. त्यांना तिने माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "सोडे घे." मला दटावलं, "तू गप ऱ्हा. तू बोललास का तिचा हात काय करतंय ता मना समजनार नाय."

प्रधानबाईंनी लाटा बघितल्या. होडी बघितली. मग फॉर्म आला : नाव, जन्मतारीख, पासवर्ड, परत पासवर्ड. त्यांचा हात माऊसवर थांबला, मग चष्म्याकडे गेला. "अहो, मला सोडे हवेत, नोकरी नकोय!" म्हणत त्या उठल्याच. फ्लॉवर आणायचा होता, निघून गेल्या.

मावशीचा चेहरा उतरला. "भवानीचं गिराईक घालवलंस तू," ती हळूच म्हणाली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, त्या गिऱ्हाइकाला रिकामं जाऊ द्यायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक होतं. तरीही मी वाद घातला, "मावशी, सगळ्याच वेबसाईट आधी माहिती घेतात."

"बाजारात मी पयला माल दावतंय का तिची जन्मतारीख इचारतंय?"

तिने सोबत आणलेली मासळीची पिशवी सोडली आणि माझ्या टेबलावर कीबोर्ड सरकवून दुकान मांडलं. सोडे आणि बोंबील अगदी हाताशी, जवळा बाजूला, वाकट्या मागे. "जा जास्त खपतं ता गिराईकाच्या हातापाशी. भाव मी तोंडानं सांगतंय. हितं मना तोंड नाय, मंग तू लिव. मोठा लिव, चष्मा न लावता दिसंल असा." फोटोसाठी तिने सोडे स्वतःच्या तळहातावर ठेवले, म्हणजे आकार कळतो. शिवाय बायका ग्रॅममध्ये विचार करत नाहीत, म्हणून पाकिटाशेजारी लिहायला लावलं : 'चार माणसांच्या एका कालवणाला'. ऑफिसात पुढे तीन दिवस वास होता. शेजारचे सीए नाकाला रुमाल लावून जात होते आणि चौथ्या दिवशी त्यांनीच जवळ्याचा भाव विचारला.

लाटा, होडी, परंपरा, सगळं मी काढून टाकलं. स्वतःच्या हाताने काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग प्रधानबाईंना परत बोलावलं, सकाळीच. त्यांनी सोडे निवडले, पत्ता टाकला आणि कुणाला एक शब्द न विचारता ऑर्डर देऊन मोकळ्या झाल्या. "झालं?" त्यांनीच विचारलं. मावशीने त्यांच्या हाताखालचा माऊस वायरसकट उचलला आणि कपाळाला लावला.

त्यानंतर पुणे, नाशिक, डोंबिवली कुठून कुठून ऑर्डरी आल्या. सून सुगंधा पाकिटं बांधायला, ड्युटीवरून आलेला विलास पत्ते चिकटवायला. मी इतक्या कंपन्यांची कामं केली, पण दुसऱ्याच्या धंद्याचा इतका आनंद मला कधी झाला नाही.

मे संपायच्या आत माल संपला. मावशी आणि विलास माझ्याकडे आले. वेबसाईटवर अगदी वर, पहिल्या ओळीत 'माल संपला' लिहायचं होतं, गिऱ्हाइकाला पत्ता टाकून झाल्यावर कळायला नको म्हणून. "आनी खाली लिव," मावशी म्हणाली, "या बायकांकडं मिलंल." बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या चौघींची तिने नावं घेतली.

विलास उसळला, "आये, आपली गिराईका त्यांना कशाला देतंस? पुढल्या सालाला आपल्यालाच डबल माल भरायचा हाय!"

आपण काय बोलून गेलो, ते विलासला उशिरा कळलं. मावशीने मात्र हसूसुद्धा दाखवलं नाही.

"भरायचा हाय ना? मंग ती परत आली पायजेत," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं गेलेला मानूस परत येत नाय."

विलासने खुर्ची ओढली, खिशातून मोबाईल काढला आणि त्या चौघींचे नंबर मला एकेक करून सांगायला लागला.