यान परत येतं तेव्हा

नवरा गेल्यानंतर मी पुन्हा शाळेत जायला लागले. छातीत दुखतंय म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं, तिथेच तो गेला. शाळेत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. मला काही जाणवत नव्हतं. ताटात वाढलेलं मी संपवायचे, सांगितलेलं काम करायचे.

गोडादऱ्यातल्या मराठी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. त्या दिवशी प्रकाशाचा धडा होता. फळ्यावर आरसा काढत होते, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, प्रकाशाच्या स्पीडने गेलं तर माणूस म्हातारा होत नाही, खरं का? मोबाइलवर पाहिलं मी."

"माणसाला तो वेग गाठताच येत नाही," मी म्हणाले. "फार तर त्याच्या जवळ जाता येईल. जितकं जवळ जावं तितकी जास्त ऊर्जा लागते, आणि शेवटी ती कितीही लावली तरी पुरत नाही."

"पण जवळ गेला तर?"

"तरी म्हातारा होतोच. यानात त्याला वेगळं काही वाटत नाही. घड्याळ, नाडी, सगळं नेहमीसारखं. परत आल्यावर कळतं, त्याची पाच वर्षं झाली आणि इथे दहा उलटली."

मागे कोणीतरी गुजरातीत काहीतरी कुजबुजलं, वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. "मग मागच्या दिवसांत जाता येतं का?"

"नाही. अशाने फक्त पुढे जाता येतं."

तिने मान हलवली. मी किरण काढून पूर्ण केला.

घरी सासूबाई साडीवर खडे चिकटवत बसल्या होत्या. मुलगा गेल्यावर आठवड्याभरातच त्यांनी ते काम पुन्हा हातात घेतलं होतं. त्या अजून घरात अहिराणीच बोलतात. पूर्वी रोज विचारायच्या तसं, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या दिवशी विचारलं, "आज काय शिकाडं व?"

दुसरं काही सुचेना म्हणून मी तेच सांगितलं. एक माणूस फार वेगाने लांब जातो. परत येतो तेव्हा घरी राहिलेला त्याचा जुळा भाऊ म्हातारा झालेला असतो, आणि हा मात्र अजून तरुण.

त्यांचा हात थांबला. "पन तो परत उना ना?"

आला ना, एवढंच त्या विचारत होत्या.

"हो आई. आला."

"मंग बरं जयं," त्या म्हणाल्या आणि पुढचा खडा उचलला. तो त्यांना नीट बसवता येईना. मग साडी बाजूला सारून त्या रडायला लागल्या, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. मी शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, पण हाताला काही कळत नव्हतं. डिंकाच्या नळीचं झाकण उघडंच राहिलं होतं. ते मी लावलं आणि उठून कुकर चढवला.