शाल, श्रीफळ आणि तिरास्पोल

साऱ्या जगानं ज्याला देश मानायला नकार दिला आहे, अशा देशाच्या राजधानीत शाल आणि श्रीफळ घेऊन सत्कार करायला गेलेला माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच निघेल, आणि तो ॲडम्सटाउनला आमच्या समोरच्या घरात राहत होता. मूळचे नागपूरचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यातले त्यांचे आयरिश साहेबसुद्धा त्यांना भाऊच म्हणत, आणि ते आपलं आडनाव नव्हे हे सांगायची तसदी भाऊंनी कधी घेतली नाही.

भाऊंना वेळेचं वेड होतं. स्टेशनवर गाडी दोन मिनिटं उशिरा आली की ते गार्डकडे असं बघायचे, की तो बिचारा आपणहून माफी मागायचा. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्यांच्या देवघरातली घंटा वाजायची, ती आमच्या घरात ऐकू यायची. सातला जेवायला बोलावलं तर सातला ताटं वाढून तयार, मग पाहुणे आलेले असोत वा नसोत. एकदा आम्ही सव्वासातला पोचलो, तर माझ्या वरणभातावरचं तूप थिजून बसलं होतं. "किती वेळचं ताट तुमची वाट पाहून राहिलं," भाऊ म्हणाले, आणि मला वाढण्याऐवजी आधी ताटाचं सांत्वन करतील की काय, असं मला वाटलं.

आमचं मंडळ फुटलं ते याच वेडापायी. परदेशात रीत अशी, की चतुर्थी मंगळवारी असो वा गुरुवारी, गणपती बसतो सोयीच्या शनिवारी. एका वर्षी भाऊ सभेत उठून उभे राहिले. "गणपती काय तुमची शिफ्ट पाहून येते का?" मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भाऊंचे सगळ्यात जुने मित्र. या देशात आल्यावर दोघांनी पहिली दोन वर्षं एका खोलीत आणि एका कुकरवर काढली होती. ते वैतागून म्हणाले, "मग तू कर वेगळा!" असं रागात सगळेच म्हणतात, पण ते ऐकून खरंच उठून जाणारे भाऊच. आठ दिवसांत नव्या मंडळाचं लेटरहेड आलं, रबरी शिक्का आला, अकरा कलमांची घटना आली. सभासद चार: भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. मी त्या संध्याकाळी त्यांचं ड्रिल मशीन परत द्यायला गेलो होतो, तो उपाध्यक्ष होऊनच परतलो. माझी बायको जुन्या मंडळातच राहिली, त्यामुळे आमच्या घरातून एक सीमारेषा जायला लागली.

त्या वर्षी चतुर्थी मंगळवारी आली, आणि ठीक सात वाजता आम्ही चौघांनी आरती केली. "डॅड, इट्स अ ट्यूजडे, लाइक," मुलगी म्हणाली, पण टाळ तिनं मनापासून वाजवले. पुढे एका वर्षी चतुर्थीच शनिवारी आली, तर भाऊ संतापले, "पाहा, आपली तिथी ढापली त्यांनी!" हसू यायचं, पण चार वर्षं ते दोघे मित्र एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, हे काही हसण्यासारखं नव्हतं.

मग वहिनींना वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलात कायमची नोकरी मिळाली. गणपती झाले की घर हलणार होतं. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "जायच्या आधी हे दोघं बोलले तर बरं होईल हो. नाहीतर आमचं सामान तिकडे जाईल आणि हे इथल्या भांडणातच राहतील." मी जपून विषय काढला, तर भाऊंनी तिरास्पोलचं तिकीट दाखवलं. शेजाऱ्यांशी भांडून वेगळा झालेला, पण कुणीच न मानलेला एक चिमुकला देश, त्याची ही राजधानी. "अभ्यास दौरा. त्यांना कोणी मानत नाही, आपल्याला कोणी मानत नाही. तरी त्यांचं चालून राहिलं न? पाहून येतो." सोबत शिक्क्याचं पत्र होतं: आमचे मंडळ आपल्या देशास मान्यता देत आहे, आपणही आमच्या मंडळास द्यावी, ही नम्र विनंती.

नारळ सीमेच्या नाक्यावरच अडला, परत आल्यावर भाऊ सांगत होते. एका शिपायानं तो कानाशी धरून हलवला, दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटी भाऊंनी तो तिथेच फोडून प्रसाद वाटायची तयारी दाखवली, तेव्हा घाईघाईनं आत सोडलं. पासपोर्टवर शिक्का नाही, हातात एक चिठ्ठी, आणि तिच्यावर देश सोडायची वेळ. "मिनिटासकट लिहिली होती हो! याला म्हणतात देश!" हे सांगताना भाऊ खुर्चीतून उठले होते.

रुंद रस्ते, फुलांचे वाफे, प्लास्टिकची नाणी, सगळं त्यांना पसंत पडलं. पण सत्कार करायचा कुणाचा? सरकारी इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं शाल बघून नम्रपणे मान हलवली. शेवटी ज्या आजीबाईंच्या घरी खोली घेतली होती, त्यांच्याच खांद्यावर भाऊंनी शाल घातली. आजीबाईंनी फोनवर भाषांतर करून ते पत्र वाचून घेतलं आणि तसंच फोनवरूनच विचारलं, "तुमच्याकडे माणसं किती?"

"चार."

"भांडण कशावरून?"

भाऊंनी पंचांगासह अर्धा तास समजावलं. आजीबाई इतक्या हसल्या की त्यांनी डोळे शालीनंच पुसले. मग सांगू लागल्या. त्यांची बहीण नदीपलीकडे राहते, त्या नाक्याच्या पलीकडच्या बाजूला. इथलं भांडण झालं तेव्हापासून कोण बरोबर यावर दोघींचं आजतागायत एकमत नाही. तरी दर रविवारी या बस पकडतात. "पटवून द्यायला जात नाही. जेवायला जाते."

भाऊंचं एवढं सांगून होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेले होते, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी उपाध्यक्ष असूनही आठवण करून दिली नाही.

त्या वर्षी तिथीला आम्ही चौघांनी सातला आरती केली. शनिवारी भाऊ कोट घालून आमच्या दारात उभे. काखेत आजीबाईंनी दिलेली टोमॅटोच्या लोणच्याची बरणी. "चला उपाध्यक्ष, विदेश दौरा आहे."

हॉलच्या दाराशी जुने अध्यक्ष चपला लावत होते. त्यांनी वर बघितलं.

"उशीर केलास."

"सातची वेळ आहे. सातच वाजून राहिले."

"चार वर्षं उशीर केलास," ते म्हणाले, आणि बरणीकडे बघून, "हे काय?"

"टमाटे. परराष्ट्रातून आणले."

आरती सव्वाआठला सुरू झाली. भाऊंनी नऊ वेळा घड्याळ पाहिलं, मी मोजलं, आणि नऊही वेळा बाही त्याच्यावर ओढून घेतली. भाऊंविना चार वर्षं इथे मंत्रपुष्पांजली फोनवर वाजत होती. या वेळी भाऊंनी आपला जुना खणखणीत आवाज लावला आणि जुन्या अध्यक्षांनी फोन बंद करून खिशात टाकला. मला रडू आलं, ते मी कापरावर ढकललं.

ऑक्टोबरात भाऊ वॉटरफोर्डला राहायला गेले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "उपाध्यक्ष, भलतीच अडचण होऊन राहिली. आपली चार घरं सापडली, पण मंडळ काही दिसून नाही राहिलं. आता मी फुटू कशातून?"

समोरच्या घरात नवे लोक आलेत, चांगले आहेत, पण सातला तिथून घंटा ऐकू येत नाही आणि मला वेळ बघायला घड्याळ लागतं. यंदा चतुर्थी सोमवारी आहे. वॉटरफोर्डला आरती ठीक सातला आहे. जुन्या अध्यक्षांनी त्या दिवशी रजा टाकली आहे, तिथीसाठी आयुष्यात पहिल्यांदा. मीही टाकली आहे. दोन तासांचा तर रस्ता, तरी आम्ही सकाळीच निघणार आहोत.