पेठेबाईंचा ‘सेट’

सुशीलाबाई पेठे यांनी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि एवढ्या काळात एकाही माणसाचं इंग्रजी त्यांच्या पसंतीला उतरलं नाही. मुख्याध्यापकांचं नाही, तपासणीला येणाऱ्या साहेबांचं नाही, आणि नवरा हयात होता तोवर त्याचंही नाही. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एकच काम हाती घेतलं. ‘सेट’ या इंग्रजी क्रियापदाचे झाडून सगळे अर्थ, ते कुठून आले, कसे बदलले, हे मराठीत लिहून काढायचं. अकरा वर्षं झाली होती. बुटांच्या खोक्यांत कार्डं रचून ठेवलेली. ज्याला हे एक क्रियापद कळलं नाही त्याने इंग्रजीच्या वाटेला जाऊ नये, असं बाईंचं मत होतं; आणि ते आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव एकदा जिन्यात म्हणाले, “बाई, टँकरचं सगळं सेट झालंय बरं का.”

“कुठल्या अर्थाने?” बाईंनी विचारलं. “सिमेंटसारखं घट्ट झालंय, की सूर्यासारखं मावळलंय?”

त्यानंतर बाई दिसल्या की बापूराव फोन कानाला लावून जिना चढू लागले.

तर अशा बाईंना केदारचा फोन आला. केदार त्यांचा जुना विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत काठावर पास. आता हिंजवडीत त्याची कंपनी होती आणि ती मराठी मुलांना मोबाइलवर इंग्रजी शिकवणार होती. “मॅम, ‘सेट’ची एन्ट्री तुम्हीच द्या,” तो म्हणाला. तुच्छतेने हसण्याआधीच बाई हो म्हणून बसल्या, कारण अकरा वर्षांत ही कार्डं कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी तीन खोकी पाठवली. आठ दिवसांनी निरोप आला: ‘मॅम, सुपर! पण स्क्रीनवर एकच मीनिंग बसेल. मोस्ट यूज्ड द्या ना प्लीज.’

बाईंनी तो दोनदा वाचला आणि केदारला कळवलं, की त्या स्वतः येत आहेत.

कंपनीची गाडी दोन तास वाहतुकीत अडकली. वाटेतल्या प्रत्येक इंग्रजी पाटीतल्या चुका बाईंनी ड्रायव्हरला ऐकवल्या. तो बिचारा ‘हो हो’ करत राहिला. काचेच्या खोलीत केदार होता आणि शेजारी उत्कर्षा नावाची पंचविशीची मुलगी. यवतमाळहून आलेली. मजकूर तपासायचं काम तिच्याकडे होतं.

“मॅम, मी तुमचे सगळेच कार्ड वाचून राहिली होती,” ती म्हणाली.

“‘वाचत होते’ म्हणावं,” बाई म्हणाल्या. “निदान मराठी तरी शाबूत ठेवा. आणि ‘सगळी कार्डं’.”

मुलीचे कान लाल झाले. केदारने विषय बदलायला चहा मागवला. बाईंनी कपाकडे असं पाहिलं, की तो त्यांनी प्यायला नाही हे सांगायची गरज उरली नाही.

“एक अर्थ हवाय?” बाई केदारला म्हणाल्या. “तुमच्या दहावीच्या उत्तरपत्रिकेत एकच होता. चुकीचा.”

तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, “मॅम, ‘बसवणे’ लिहिलं तर नाही चालणार का?”

“काय बसवणे?”

“सगळंच. कुणाचा हात मोडला की माझे आजोबा हाड बसवून द्यायचे. सोनार अंगठीत खडा बसवतो. नाटक बसवतात, संसाराची घडी बसवतात. तुम्हीच लिहिलंय ना, ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचंच ‘सेट’, म्हणजे बसवणे. पहिल्याच कार्डावर आहे.”

ते खरंच पहिल्या कार्डावर होतं. जुन्या इंग्रजीतलं मूळ रूप बाईंनीच सुबक अक्षरात लिहिलं होतं. पण खाली मराठी अर्थ देताना ठेवणे, मांडणे, नेमणे, स्थापणे असे बावीस शब्द दिले आणि ‘बसवणे’ तेवढा राहिला. तो शब्द त्यांना गवंड्यांचा वाटला होता.

“आणि गजराचं घड्याळ?” बाई उसळल्या. “तेही बसवता का यवतमाळला?”

“नाही, गजर लावतो.”

“मग! आणि भांड्यांचा सेट? तो कुठे बसतो?”

“तो तर शब्दच वेगळा आहे ना, मॅम,” उत्कर्षा हळूच म्हणाली. “लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेला. त्याचा मूळ अर्थ मागे चालणारे लोक, पंथ, तसं काहीतरी. तुम्ही कार्ड क्रमांक एकशे चाळीसवर तो याच क्रियापदाखाली घातलाय. मला वाटलं, लिहिताना चुकून झालं असेल.”

केदार खिडकीबाहेर बघू लागला.

“क्रियापदाची सावली पडलीय त्याच्या अर्थावर,” बाई म्हणाल्या. हे खरं होतं, पण ते बचावाला म्हटलेलं खरं होतं, आणि ते आपल्याला कळलंय हेच त्यांना सर्वांत झोंबलं. ‘वाचून राहिली होती’ म्हणणाऱ्या पोरीने! त्यांनी खोकी मागितली, पिशवीत भरली आणि निघाल्या. “एक अर्थ देणार नाही,” दारातून त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर चार दिवस त्यांनी कार्डांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी भांड्यांचा, टेनिसचा आणि मित्रमंडळींचा ‘सेट’ त्यांनी वेगळ्या खोक्यात घातला. पहिल्या कार्डावरचे बावीस शब्द खोडले आणि वर ‘बसवणे’ लिहिलं. मग जिथे ते जुळत नव्हतं त्या त्या कार्डावर लाल खूण केली. खुणा पुष्कळ निघाल्या. तेवढ्याने त्यांना जरा बरं वाटलं.

मग त्यांनी हिंजवडीला फोन लावला आणि उत्कर्षाला फोनवर बोलवायला सांगितलं.

“रविवारी दहाला या. खुणा केलेली एकशे सहा कार्डं आहेत. आणि येताना ‘सगळेच कार्ड’ हे बाहेर ठेवून या.”

“येतो मॅम,” पलीकडून आनंदाने उत्तर आलं.

“‘येते’,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.