फेरेटची टोपली

ओटोकाकांच्या ओठांना शेवटचा मध लागला, तो फेरेटच्या बाटलीतला.

साठच्या दशकातलं हॅम्बर्ग. मॅट्रिक अर्धवट सोडून बोटीने आलेला मी. दिवसा बंदरावर पोती उचलायची, मुक्काम ओटोकाका-एल्साकाकूंच्या पोटमाळ्यावर.

बंदरावर हेरिंग मासा असा मिळायचा की... असो, भरकटलो.

लोटे त्यांची फेरेट. मुंगसासारखी लांबुळकी. काका तिला सशांच्या बिळात सोडायचे, मग रविवारी घरात ससा शिजायचा.

काकूंना वाऱ्याची झुळूक म्हणजे साक्षात आजारपण. भर जुलैतही ओरडायच्या, "त्सुग येतोय! खिडकी लाव!"

अशाच एका जुलैत लोटे पेटीत आडवी पडली. तोंड उघडं, नुसत्या धापा.

काका म्हणाले, "गारठली. शाल आणा."

मी अकोल्याचा. ऊन लागलेलं जनावर मला कळतं.

"शाल नको काका! ओला टॉवेल द्या! खिडकी उघडा!"

"अरे, वारा लागेल तिला!" काकू.

"लागू द्या!"

हळूहळू तिने मान उचलली. मग हिरड्यांना थोडा मध चोळला.

दुसऱ्या दिवशी काकांनी दाराशी टोपली टांगली. टॉवेल, पाणी, मध. झाकणावर जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, कारण फोन खालच्या बेकरीत.

वर तालीमही घ्यायचे. जेवताना मध्येच ओरडायचे, "लोटे पडली! पळ!"

मी घास टाकून पळायचो. काकू म्हणायच्या, "आधी तुमची छाती दाखवा कुणाला तरी."

"गेनाऊ! अगदी बरोबर! दाखवतो. शिकारीचे दिवस संपले की."

पुढच्या उन्हाळ्यात काकाच पडले. स्वयंपाकघरात, छाती धरून.

माझे पाय सवयीने टोपलीकडे गेले. टॉवेल भिजवला. ओठांना मध लावला. बेकरीत धावत जाऊन झाकणावरचाच नंबर फिरवला.

घरात दुसरा नंबरच नव्हता.

जनावरांचे डॉक्टर सायकल हाणत आले. गुडघे टेकले, नाडी पाहिली. मग टोपी काढली.

काकू टोपलीकडे बघत राहिल्या.

"एवढ्याशा जिवाची केवढी तयारी केली रे आपण."

मग उठल्या आणि घरातली एकेक खिडकी उघडत गेल्या.

"काकू, वारा..."

"येऊ दे. ह्यांच्या जिवाला बाहेर पडायला वाट हवी."

आज काकांचा स्मृतिदिन. पाऊस आत येतोय, तरी खिडकी उघडी ठेवलीय.

ओटोकाका, नमस्कार करतो.