वजीर सांभाळ

आमच्या घरी बुद्धिबळात समोरच्याचा वजीर न सांगता मारणं म्हणजे चोरीच. वजिरावर नेम धरला की "वजीर सांभाळ" असं म्हणायचंच. हा नियम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर जन्म काढलेला माणूस, पण पटासमोर बसला की रुबाब संस्थानिकाचा. निवृत्तीनंतर दोघं मिळून एक तरी स्पर्धा खेळू, असं ते नेहमी म्हणत. राजाजीनगरातल्या स्पर्धेत दोघांची नावं घातली, आणि ती सुरू व्हायच्या आधीच अण्णा गेले.

मी जाणारच नव्हतो. आई म्हणाली, "जा रे. त्यांच्यासाठी एक डाव नीट खेळून ये."

नीट कसला! मी लिंबूटिंबू, आणि समोर मानांकन असलेली कॉलेजातली मुलगी. पहिल्या फेरीत बलवानांच्या ताटात आमच्यासारखेच वाढतात. तिनं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. मला रागच आला आणि मी जिद्दीनं खेळलो. घोडा मधोमध नेऊन बसवायचा, ही अण्णांची लाडकी चाल. ती जमली, तिच्या वजिरावर नेम बसला आणि मी मोठ्यानं म्हणून गेलो, "वजीर सांभाळ!"

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. पंच धावत आले. "माताडबेडि सर, बोलायचं नाही इथं," म्हणाले आणि तिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवून गेले. तिनं शांतपणे वजीर बाजूला घेतला.

मग मी तिच्या हत्तीमागे लागलो. अण्णांबरोबरही असाच वाहवत जायचो. ते सांगतीलच, हे ठाऊक असायचं. मुलीनं हात पुढे केला आणि माझा वजीर उचलून नेला. एक शब्दही नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं, पण मला हुंदका आवरेना. दवाखान्यात रडलो नव्हतो, स्मशानात रडलो नव्हतो, ते त्या परक्या मुलीसमोर रडलो.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती.

"हरलास?"

"हो. वजीर गेला."

"आणि सांगितलं नाही तिनं?" आई चिडलीच.

"तिथं कुणी सांगत नाही, आई."

ती आत वळली आणि टीपॉयवरच्या अण्णांच्या पटावरची धूळ पदरानं पुसत राहिली.

"आता इथं तरी कोण सांगणार रे," म्हणाली.