योसेफच्या उशाशी

मॉन्ट्रियलहून सकाळी निघालो. गाडी माझी मुलगी प्रज्ञा चालवत होती. तिचे बाबा जाऊन सात महिने झाले होते. सुटी काढून ती कॅल्गरीहून आली होती आणि "आई, किती दिवस पुस्तकांत तोंड खुपसून बसशील?" म्हणत मला बाहेर घेऊन निघाली होती. उजव्या हाताला सेंट लॉरेन्स नदी, इतकी रुंद की पलीकडचा काठ नुसती रेघ.

वाटेत पुतीन (तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि गरम रस्सा) खाल्लं आणि वॉशरूम शोधत एका गावातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये शिरलो.

वेदीमागे मोठं चित्र होतं. दुरून मला ते बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं वाटलं: आडवा झालेला पुरुष, भोवती शोकाकुल माणसं. जवळ गेल्यावर कळलं, तो योसेफ, मरियेचा नवरा. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला मरिया. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरलेला.

"ला बॉन मॉर (चांगलं मरण)," चर्च सांभाळणाऱ्या वृद्ध बाई मागून म्हणाल्या. "प्रॉटेस्टंट वेगळे झाल्यावर रोमच्या चर्चने चित्रकारांना बजावलं, निरक्षरालाही कळेल आणि काळजाला भिडेल असं काढा. त्या काळातला हा विषय."

"बायबलमध्ये हे कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठेच नाही. योसेफ मध्येच गायब होतो, माझ्या पहिल्या नवऱ्यासारखा. पण मरताना आपलं माणूस जवळ असावं असं सगळ्यांनाच वाटतं ना."

प्रज्ञा हळूच म्हणाली, "सेम तुझ्यासारखं, आई. बाबांचा हात धरून."

मीच तिला तसं सांगितलं होतं. फोनवर ती रडत होती, मला दुसरं काही सुचलं नाही. ते खरं नव्हतं.

गाडीत बसल्यावर सांगून टाकलं. "मी तिथे नव्हते गं. खाली हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होते. वर आले तेव्हा सगळं संपलं होतं."

तिने गाडी सुरू केली. दोन गावं मागे पडली.

"खाली कशाला गेलीस?"

"त्यांनीच पाठवलं. म्हणाले, घरी जायचंय, गाडीवरचा बर्फ काढून ये. आणि काचेवर ओरखडे पाडू नकोस, मागच्या वेळी पाडलेस."

प्रज्ञाने गाडी कडेला घेतली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "हे बाबांचे लास्ट वर्ड्स? आणि तू मला सांगितलेच नाहीस?"

घरी परतल्यावर तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं, त्यांच्याच वैतागलेल्या सुरात. त्या चित्राने कितीकांना धीर दिला असेल. माझ्याकडे मात्र त्यांचं एक खरं वाक्य होतं, आणि त्याच्यासमोर मी हात धरल्याचं चित्र टांगून ठेवलं होतं.