सोडलेल्या माशाचे साक्षीदार

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका नदीत मी ट्राउट मासा पकडला, हे अगदी खरं आहे. ऑफिसच्या कामाला गेलो होतो. तिथल्या ऑफिसातल्या एका गोऱ्याने सुट्टीच्या दिवशी मला कमरेइतक्या बर्फगार पाण्यात उभं केलं आणि हातात लांब काठी दिली. या मासेमारीत गळाला आमिष लावत नाहीत. पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी लावतात आणि ती अशी अलगद टाकतात की माशाला वाटावं, आपणहून आली बिचारी. मासा लागला. गोरा म्हणाला, आता सोड. मी सोडला.

तिथेच घोटाळा झाला. दुबईत परतून पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो मासा वीतभर होता. गणपतीपर्यंत हातभर झाला आणि दिवाळीच्या फराळाला तर त्याने मला दोन मैल पाण्यातून ओढत नेलं. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चकली खात ऐकत होते.

"साडूबुवा," ते म्हणाले, "सोडलेला मासा म्हणजे न पकडलेला मासा."

वर त्यांनी ठरवूनच टाकलं. शनिवारी त्यांच्यासमोर तसल्याच काठीने मासा काढायचा. नाहीतर इथल्या मराठी मंडळाच्या संमेलनात ते माझी ओळख 'आखाती देशांतले नामवंत थापाडे' अशी करून देणार. माईक कायम त्यांच्याच हातात असतो.

मग अल क्वोजमध्ये आमच्या गोदामामागे सराव सुरू झाला. चार दिवसांत मी दोन टोप्या, एक वाळत घातलेला शर्ट आणि फोर्कलिफ्टवाल्या पठाणाचा भरलेला डबा गळाला लावला. तो शांतपणे 'खलास', म्हणजे पुरे, म्हणाला आणि गळावरची रोटी माझ्या डोळ्यांसमोर खाल्ली.

शनिवारी साडू आणि मी उम्म अल कुवैनच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. घरी बायकोने ओल्या खोबऱ्याचं वाटण आधीच करून ठेवलं होतं. तिचं माहेर मालवणचं. तिथे माणूस मासे आणायला निघाला की मागे वाटण तयार हवंच. लेक तिला म्हणाली, "आई, इट्स नॉट अ सुपरमार्केट."

तीन तास काठी फिरवली. माशी एकदा साडूंच्या टोपीत अडकली, एकदा पँटच्या मागच्या खिशात. तिसऱ्यांदा कुठे ते सांगत नाही. शेवटी वैतागून त्यांनी काठी हिसकावली, कशीतरी भिरकावली, आणि दोर ताणला गेला.

मासा एवढा की बाहेर काढताच खाडीला ओहोटी लागली. मी धावलो, हात ओले केले, गळ हळूच सोडवला, आणि गोऱ्याची शिकवण अंगात भिनलेली, त्याला पाण्यात सोडून दिलं.

साडूंनी माझ्या खिशातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

"फोटो?"

"दोन्ही हात माशाला होते."

"आणि वाटण?"

घरी बायकोने वाटणात अंडी सोडली आणि सगळे जेवायला बसलो. साडू घास बाजूला ठेवून हाताने लांबी दाखवत होते आणि त्यांच्याच बायकोने विचारलं, पकडलात तर कुठाय? हसण्यात त्यांचा आवाज बुडाला. मग ते माझ्याकडे वळले आणि, लग्नापासून पहिल्यांदाच, विनवणीच्या सुरात म्हणाले, "साडूबुवा, तुम्ही सांगा ना."

मी रश्श्याचा सावकाश भुरका मारला. म्हटलं, आधी माझा ट्राउट केवढा होता ते तुम्ही सांगा.

साडूंनी दोन्ही हात फैलावले. मी दिवाळीला दाखवला होता त्यापेक्षा वीतभर जास्तच.

"एवढा," ते म्हणाले. "मी फोटो पाहिलाय."